हाताला उलट सांगणारे चाक

ज्यांनी बैलांचा नांगर धरला आहे त्यांना मी आज सांगणार आहे ती गोष्ट निम्मी आधीच ठाऊक आहे. फाळ जमिनीत असतो, डोळ्यांना दिसत नाही. तरी खाली दगड लागला, मुळी आली, की ओल संपून कोरड सुरू झाली, हे रुमणे धरणाऱ्या हाताला तत्काळ कळते. हात नांगराला सांगतो आणि नांगर हाताला उलट सांगतो. हे दुसरे सांगणे बंद झाले तर नांगर धरणारा आंधळाच म्हणायचा. या उलट सांगण्याला इंग्रजी यंत्रभाषेत 'फोर्स फीडबॅक' असे नाव आहे. ते यंत्रात मुद्दाम कसे आणले गेले, त्याला जवळजवळ पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे.

मी इतिहासाचा माणूस. यंत्राच्या वाटेला जाण्याचे मला कारण नव्हते. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटीत गावी गेलो तर घरात अबोला. पुतण्याने सोयाबीनच्या पैशांतील आपला वाटा घालून संगणकाला जोडायचे मोटारीचे चाक विकत आणले होते, तेही कोणाचे तरी वापरलेले. पडद्यावर शर्यतीची मोटार पळते आणि हातातले हे चाक खऱ्या स्टेअरिंगसारखे ओढते, थरथरते. आमचे दादा बावीस वर्षे मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रक चालवून आता शेती पाहतात. त्यांनी मुलाशी महिनाभर बोलणे टाकले होते. "तू शिकलेला आहेस, तूच न्याय कर," असे म्हणून वहिनींनी मला त्या खोलीत ढकलले. मी मुलाला चार शब्द सुनावण्याच्या तयारीनेच गेलो होतो. ती हकीकत पुढे येईलच. आधी हे चाक आले कोठून ते पाहू.

यंत्राच्या साहाय्याने 'खोटा प्रवास' घडवण्याची कल्पना मोटारीत नव्हे, विमानात निघाली, आणि ती काढणारा गृहस्थ वाजंत्र्यांच्या कारखान्यातला होता! अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन नावाचे गाव आहे. तेथे एडविन लिंक याच्या वडिलांचा आपोआप वाजणारे पियानो आणि नाटकगृहांतील ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनला भाते लागतात. आपल्या पेटीच्या भात्यावरून तुम्हाला कल्पना येईल. लिंकने ते भाते एका बुटक्या लाकडी विमानाच्या खाली बसवले. वैमानिकाने दांडी हलवली की भात्यांत हवा कमीजास्त होई आणि विमान जागच्या जागी झुके, वळे. १९२९ च्या सुमारास हे यंत्र तयार झाले, पण घ्यायला कोणी पुढे येईना. आरंभीची गिऱ्हाइके म्हणजे करमणुकीच्या बागा. जत्रेतल्या पाळण्याच्या शेजारी ठेवायची वस्तू.

मग १९३४ साल उजाडले. अमेरिकन सरकारने टपाल नेण्याचे काम खाजगी विमान कंपन्यांकडून काढून लष्कराच्या वैमानिकांकडे दिले. हिवाळा, धुके आणि ढगांत केवळ उपकरणे पाहून उडण्याचा सराव कमी. थोड्याच आठवड्यांत अनेक तरुण वैमानिक मृत्युमुखी पडले. त्यानंतर त्याच वर्षी लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात हजारो लिंक यंत्रांवर वैमानिक तयार झाले. ज्याला लोक खेळणे म्हणत होते त्याला मान मिळण्यासाठी माणसे मरावी लागली. इतिहासात हे वारंवार दिसते, म्हणून एखाद्या वस्तूला 'पोरखेळ' म्हणण्यापूर्वी मी आता जरा थांबतो.

लिंकच्या यंत्रात झुकणे होते. पण हाताला उलट सांगण्याचा स्वतंत्र अभ्यास झाला तो निराळ्याच ठिकाणी. शिकागोजवळ आर्गोन येथे अणुसंशोधनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. किरणोत्सारी पदार्थ हाताने धरता येत नाहीत. जाड भिंतीच्या अलीकडे माणूस आणि पलीकडे पदार्थ, मध्ये जाड काच. तेथे रेमंड गर्ट्झ नावाच्या इंजिनियराने १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जोडीचे यांत्रिक हात बनवले. अलीकडचा हात माणसाने हलवायचा, पलीकडचा तशीच हालचाल करणार. ही जोडणी पट्ट्या-तारांची असल्यामुळे पलीकडच्या चिमट्याने काचेची नळी किती घट्ट धरली आहे ते अलीकडच्या बोटांना कळे. पुढे अंतर वाढवावे म्हणून तारा काढून विजेच्या मोटारी घालायचे ठरले, तेव्हा अडचण उभी राहिली. मोटार हुकूम पाळते, पण बातमी आणत नाही. नळी फुटेपर्यंत दाबली तरी माणसाच्या हाताला काहीच लागायचे नाही. म्हणून गर्ट्झने अलीकडच्या हातालाही मोटारी बसवल्या. पलीकडे जेवढा विरोध होईल त्या मानाने अलीकडची मोटार माणसाच्या हाताला मागे ढकलणार. १९५४ मध्ये असे विजेवर चालणारे आणि जोर परत पोचवणारे हात त्याने दाखवले. माझ्या पुतण्याच्या टेबलावरील चाकाचा खरा पूर्वज हाच.

याच काळात रस्त्यावर मात्र उलट प्रवास चालू होता, तो सांगितल्यावाचून गोष्ट पुरी होत नाही. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनियराने १९२६ मध्येच तेलाच्या दाबावर चालणारे, ज्याला आपण 'पॉवर स्टेअरिंग' म्हणतो ते, मोटारीला बसवून दाखवले होते. पण बाजारातील मोटारीत ते आले १९५१ मध्ये, क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल गाडीत. चाक एका बोटाने फिरू लागले. सोय मोठीच झाली. पण त्या वेळच्या या गाड्यांत रस्ता हाताला नीट कळेनासा झाला, अशी तक्रारही मागोमाग आली. विमानातही तेच घडले. वेग वाढला, पंखांचे भाग हाताच्या जोराने हलेनात, तेलाचा दाब वापरावा लागला, आणि मग वैमानिकाच्या हातातली दांडी इतकी हलकी झाली की भरवेगात जास्त ओढली जाण्याचा धोका. तेव्हा इंजिनियरांनी काय करावे? आधी घालवलेला जोर स्प्रिंगा आणि वाऱ्याच्या दाबावर चालणारी साधने बसवून परत कृत्रिमपणे दांडीत भरला! सित्रोएन या फ्रेंच कंपनीने १९७० च्या आपल्या एसएम नावाच्या मोटारीत असेच केले. रस्त्याचे धक्के चाकापर्यंत येऊच द्यायचे नाहीत, आणि गाडीचा वेग वाढेल तसतसे चाक जड होत जाईल अशी सोय तेलाच्या दाबाने करायची. म्हणजे हाताला जे लागते ते रस्त्याचे नव्हे, इंजिनियराने ठरवलेले. खरी गाडी आणि खोटी गाडी यांतील रेघ तेव्हाच पुसट झाली होती, असे माझे मत आहे.

संगणकाच्या बाजूने सुरुवात विद्यापीठांतून झाली. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात फ्रेडरिक ब्रुक्स या प्राध्यापकांनी १९६७ पासून एक दीर्घ प्रयोग चालवला. पुढे त्यासाठी आर्गोनच्या धर्तीचा यांत्रिक हातच त्यांना मिळाला. त्यांना हवे होते हे, की औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत बसवताना रसायनशास्त्रज्ञाला ओढ आणि विरोध हाताने कळावा. डोळ्यांना कधीच न दिसणारी गोष्ट हाताला लागावी! हे काम १९९० पर्यंत चालले. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये मार्गारेट मिन्स्की आणि सहकाऱ्यांनी मोटार जोडलेल्या दांडीने पडद्यावरील खरखरीत पृष्ठभाग हाताला जाणवून दाखवला; दांडी फिरवली की पॉलिश कागदावरून हात फिरल्याचा भास. एवढ्यावरून ध्यानात यावे की हात फसवता येतो, आणि फसवायला फार खर्च लागत नाही.

खेळांच्या दुकानांतून १९७६ मध्ये सेगा या जपानी कंपनीची एक मोटारसायकल आली, तिची मूठ धडक बसली की थरथरे. पण थरथर म्हणजे उलट सांगणे नव्हे. दाराची कडी कोणीतरी वाजवली एवढेच तिच्यातून कळते. कोण आले, कशाला आले, ते कळत नाही. खरे बोलके चाक सामान्य माणसाच्या हाती दिले ते १९८९ च्या 'हार्ड ड्रायव्हिन' या अटारी कंपनीच्या यंत्राने. त्याला किल्ली होती, क्लच होता, गियर होता, आणि चाकामागे मोटार होती. टायर आणि रस्ता यांचे गणित बसवण्याला डग मिलिकेन हे मोटारींचे गतिशास्त्र जाणणारे इंजिनियर मदतीला होते. पुढे १९९५ मध्ये त्यांनी आपल्या वडिलांसह शर्यतीच्या मोटारींवर लिहिलेला ग्रंथ आजही अभ्यासला जातो. नाणे टाकून चालवायच्या यंत्राला असा मनुष्य लाभला ही गंमत आहे खरी.

घरोघरी हे चाक पोचले १९९० नंतरच्या दशकात. १९९३ मध्ये लुई रोझेनबर्ग यांनी या कामासाठी इमर्शन नावाची कंपनी काढली, मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये जोर देणारी दांडी आणि १९९८ मध्ये चाक बाजारात आणले. त्याच १९९८ मध्ये १९६७ सालच्या शर्यतींचा हुबेहूब खेळ 'ग्रां प्री लेजंड्स' निघाला. तो इतका अवघड होता की नवशिक्याला पहिला फेरा पुरा करता येईना. २००६ च्या लॉजिटेकच्या चाकाने ९०० अंश, म्हणजे अडीच फेरे, फिरण्याची सोय दिली. त्यानंतर दातेरी चाके आणि पट्टे काढून टाकून स्टेअरिंग थेट मोटारीच्या दांड्यावरच बसवण्याची पद्धत आली. २००८ मध्ये एका जपानी मोटार कंपनीने आणि एका खेळाच्या कर्त्यांनी मिळून स्पर्धा सुरू केली. ती जिंकणारा लुकास ऑर्डोनेझ हा स्पॅनिश तरुण २०११ मध्ये फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात दुसरा आला. आणि मार्च २०२० मध्ये साथीमुळे मैदाने बंद पडली तेव्हा अमेरिकेत नॅस्कारचे नामवंत ड्रायव्हर घरच्या चाकांवर बसून शर्यती खेळले आणि त्या दूरचित्रवाणीवर दाखवल्या गेल्या. इतके सांगितल्यावर पुतण्याच्या बाजूने माझे वजन झुकू लागले आहे हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

आता त्या खोलीत परत जाऊ. पुतण्या तक्रार करीत होता की एका ठराविक वळणावर त्याची गाडी दरवेळी बाहेर फेकली जाते, आणि जाण्याआधी चाक काहीच सांगत नाही. मी चाक हातात घेतले तर ते एवढे जोरात हिसकले की माझा अंगठा दोन दिवस दुखला. "काका, सगळं शंभर टक्क्यांवर ठेवलंय," तो अभिमानाने म्हणाला. "जेवढा जोर, तेवढं खरं."

दाराशी दादा उभे होते. महिनाभर त्या खोलीत पाय न टाकलेला माणूस आत आला, काही न बोलता खुर्चीवर बसला आणि चाक धरले. पहिली गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली ती ही, की त्यांचे अंगठे कड्याच्या आत नव्हते, बाहेर कड्यावर टेकलेले होते. जुन्या गाड्यांना पॉवर स्टेअरिंग नसे. पुढचे चाक दगडावर आदळले की स्टेअरिंग झटक्याने फिरे आणि आतला अंगठा मोडे. ती सवय पंचवीस वर्षांनी खोट्या चाकावरही तशीच निघाली. दोन वळणे त्यांनी घेतली, तिसऱ्यावर गाडी बाहेर गेली. तेव्हा ते म्हणाले, "हे खोटं बोलतंय रे. कसाऱ्याच्या घाटात पावसात गाडी सटकायला लागली की स्टेअरिंग हलकं पडतं. ह्याचं तर ताठच राहतंय."

या एका वाक्यात सारे शास्त्र आहे. ढकलगाडीची फिरती चाके पाहा, ती ढकलाल त्या दिशेला आपोआप मागे वळून सरळ होतात. मोटारीची पुढची चाकेही थोडीशी तशीच बसवलेली असतात, आणि वळताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग मुरडला जातो. त्यामुळे चाक सतत सरळ होऊ पाहते. ती ओढ हाताला जाणवते. वळण जसे तिखट होते तशी ती ओढ वाढते. पण एका मर्यादेपर्यंतच. टायरची पकड संपण्याच्या थोडे आधीच ही ओढ कमी होऊ लागते. हाताला चाक हलके लागते. तोच इशारा: आता आवर, नाहीतर गाडी गेली. ड्रायव्हर लोक ज्याला 'हातात गाडी असणे' म्हणतात त्यातला मोठा भाग हा इशारा वेळेवर ऐकण्याचा आहे.

मग पुतण्याच्या चाकाला हा इशारा का देता येईना? किराणा दुकानातील काटा घ्या, दहा किलोपर्यंतचा. त्यावर बारा किलो ठेवा, काटा दहावर. पंधरा ठेवा, दहावरच. पंधराचे पुन्हा अकरा झाले तरी काटा हलत नाही. चाकाच्या मोटारीचेही तसेच. तिच्या ताकदीला हद्द असते. खेळाचे गणित तिच्याकडे हद्दीपेक्षा जास्त जोर मागू लागले की ती हद्दीवर जाऊन बसते, आणि वरचे सगळे चढउतार कापले जातात. या कापण्याला खेळणारे 'क्लिपिंग' म्हणतात. जत्रेतला कर्णा फार मोठा केला की आवाज फुटतो आणि शब्द कळत नाहीत, तसेच हे. ओढ वाढून कमी झाली, पण दोन्ही वेळा हद्दीच्या वरच. हाताला काहीच फरक नाही. जोर वाढवून त्याने चाकाचे तोंड बंद केले होते.

जोराचे मापही थोडे समजून घ्या, कारण या वस्तू विकणारे त्याच आकड्याची जाहिरात करतात. दहा सेंटिमीटर लांब दांडीच्या टोकाला एक किलो वजन टांगले तर जो पीळ बसतो तो जवळजवळ एक न्यूटन-मीटर. पुतण्याच्या जातीच्या दातेरी चाकांत साधारण दोन-सव्वादोन असतो, म्हणजे कड्यावर दीड किलोच्या आसपास ओढ. थेट मोटारीच्या काही महागड्या चाकांत वीस, म्हणजे कड्यावर चौदा-पंधरा किलो. तेथे दादांची अंगठ्याची शिस्त शोभेची राहत नाही, हाड वाचवण्याची होते. अशा चाकाजवळ लहान मुलांना एकटे बसवू नये आणि बंद करण्याचे बटण हाताशी ठेवावे. शाळांतून कोणी असे चाक आणण्याच्या विचारात असतील त्या शिक्षकांनी एवढे ध्यानात घ्यावे.

मग बापलेकांनी मिळून तासभर ते चाक लावले. मी नुसता बघ्या. प्रथम चाक किती अंश फिरते आणि पडद्यावरचे चाक किती फिरते हे जुळवले, कारण ते जुळले नाही तर पुढचे सारे व्यर्थ. नंतर मध्यावर ओढणारी एक कृत्रिम स्प्रिंग चालू होती ती बंद केली. ही स्प्रिंग रस्त्याची नव्हे. चाक जितके फिरवाल तितके ती मागे ओढणार, रस्त्यावर तेल असो की चिखल. दादांना जो ताठपणा लागला त्यात हिचा हिस्सा होता. मग 'डॅम्पिंग' नावाचा घट्टपणा, ज्याने चाक काकवीत फिरवल्यासारखे लागते, तो जवळजवळ काढला. थोडा राहू दिला, कारण अगदी काढला तर सरळ रस्त्यावर हात सैल सोडताच चाक डावीउजवीकडे डुलू लागले. आणि मग मुख्य जोर. खेळातच एक पट्टी असते, जोर हद्दीला टेकला की ती लाल होते. शंभरावरून खाली येता येता साठाच्या जवळपास ती पट्टी लांब वळणावर लाल होईनाशी झाली. कडेच्या उंचवट्यावर चाक चढले तर क्षणभर होई, तेवढे चालते. दातेरी चाकात मध्यावर थोडी पोकळ जागा राहते, तेथे बारीक जोर पोचतच नाही. म्हणून 'किमान जोर' थोडाथोडा वाढवला, मधोमध चाक आपोआप थरथरू लागले तेव्हा एक पायरी मागे घेतला. हे आकडे त्या चाकाचे आणि त्या खेळाचे. दुसऱ्याचे उतरून घेतलेले आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पट्टी आणि हात यांनाच विचारावे लागते.

पुतण्या पुन्हा त्या वळणावर गेला. चाक आता आधीपेक्षा दुबळे वाटत होते, त्याचा चेहरा उतरलेला. मधोमध त्याच्या हातांनी आपणहून चाक थोडे सरळ केले, गाडी थरारली आणि रस्त्यावर राहिली. "हलकं पडलं, अप्पा!" तो ओरडला. "मग? पडणारच," दादा म्हणाले.

त्यानंतर दादांनी स्वतः चार फेऱ्या मारल्या आणि एक आक्षेप काढला, त्याला त्या मुलापाशीही उत्तर नव्हते आणि माझ्यापाशीही नाही. ते म्हणाले, गाडीचा मागचा भाग सुटतो तो आधी बुडाखाली कळतो, हाताला नंतर. हे चाक कितीही लावा, खुर्ची मुकीच राहते. ते बरोबर आहे. विमानाच्या प्रशिक्षणासाठी खोली हलवणारी प्रचंड यंत्रे बनवतात ती याच मुक्या खुर्चीसाठी, आणि तीही थोडेच बोलतात.

पैशांबद्दल दोघांत अजून बोलणे झालेले नाही, असे परवा वहिनींनी फोनवर सांगितले. रात्री जेवण झाल्यावर दादा त्या खोलीत जातात, अर्धा तास बसतात, आणि चाकाची कुठली तरी खोड काढून बाहेर येतात.